समई किती जुनी?

मालवणात जुन्या घराच्या माळ्यावर समई सापडली, की आधी बुडाला लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चुंबक त्याला लागत नाही. मग झीज बघा. काळेपणा मुद्दामही आणतात, पण झीज जिथे हात लागतो तिथेच हवी: दांड्याच्या गाठीवर, पेल्याच्या काठावर. बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव, तेही सालासकट मिळालं, तर लॉटरीच! घासायची घाई मात्र नको. सोलांच्या आंबटात काळा थर विरघळतो. फार वेळ ठेवलं तर वरचं जस्तही निघतं आणि तांब्याची गुलाबी झाक उरते. अशी लखलखीत समई संग्राहक हातात घेतो, उलटीसुलटी करतो आणि मोडीचा भाव सांगतो.