खर्जातली माणसं (६) : बेस न शिकलेला बेसवादक

मागच्या आठवड्यात आपण ‘क्रीम’ या बँडच्या जॅक ब्रूसपाशी थांबलो होतो. ग्लासगोच्या अकादमीत चेलो शिकलेला, जॅझमधून रॉकमध्ये आलेला, हातांनी एक चाल वाजवत तोंडाने दुसरीच गाणारा गुणी माणूस. आजचा गडी नेमका दुसऱ्या टोकाचा आहे. इयन फ्रेझर किलमिस्टर, म्हणजे जगाचा लेमी. १९७१च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात ‘हॉकविंड’ या बँडबरोबर तो बेस गळ्यात अडकवून उभा राहिला, तेव्हा ते वाद्य त्याने आधी कधी वाजवलेलंच नव्हतं.

तो आला होता गिटारवादक व्हायला. बँडचा बेसवादक त्या दिवशी फिरकला नाही, पण त्याचा बेस मात्र गाडीत राहिला होता. कोणीतरी लेमीला विचारलं, वाजवशील का? हा हो म्हणाला. हा किस्सा त्याने आयुष्यभर सांगितला, आणि लेमीचे किस्से थोडं मीठमसाला धरूनच ऐकावेत. पण किश्शाचा गाभा खरा आहे, कारण तो कानांना ऐकू येतो. ज्याला बेस कसा वाजवतात हे माहीत नाही, तो माणूस गिटारच वाजवत राहिला, फक्त बेसच्या तारांवर.

इथे जरा थांबून वाद्य समजून घेऊ. बेसच्या चार तारा गिटारच्या चार जाड तारांच्याच सुरांच्या, पण एक सप्तक खाली. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते, बेसची साधारण ४१ वेळा. इतक्या खर्जात दोन-तीन स्वर एकदम छेडले की ते एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरते. म्हणून बेसवादक एका वेळी एक स्वर वाजवतो, ड्रमच्या पायाशी लय बांधतो आणि गिटारला वर मोकळं रान देतो. सगळे हेच शिकतात. लेमी शिकलाच नव्हता. तो तारांवर सपासप हात मारत कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर, वाजवायचा.

मग घरघर का झाली नाही? याचं उत्तर त्याच्या अँपच्या, म्हणजे ध्वनिवर्धकाच्या, बटणांत आहे. मार्शल कंपनीच्या अँपवर तो खालचे सूर जवळपास बंद ठेवायचा, वरचेही उतरवायचा, आणि मधले सूर पूर्ण चढवायचा. म्हणजे बेसमधला खर्जच त्याने काढून टाकला. शिवाय तो वाजवायचा त्या कॉर्डमध्ये बहुतेक वेळा दोनच स्वर असत, सा आणि प. अँपला झेपेल त्याहून जास्त जोर दिला की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, आणि मूळ सुरांत नसलेल्या कंपनसंख्या तयार होतात. त्यात दोन स्वरांची बेरीज असते आणि वजाबाकीही. सा आणि प यांचं प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. आवाज कितीही फाटला तरी त्यातून षड्जच उगवतो. गंधार मिसळा, आणि गणित बिघडतं, कारण गिटारच्या पडद्यांवरचा शुद्ध गंधार आपल्या तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. त्यातून जन्मणारे स्वर कशाशीच जुळत नाहीत. हेवी रॉकमध्ये सा-पची जोडी इतकी का वापरतात, याचं हे अर्धं उत्तर. लेमीने हे गणित केलं नव्हतं. त्याचा कान तिथे पोहोचला.

आता त्याच्या घराकडे वळू. जन्म २४ डिसेंबर १९४५, इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या बर्सलेम भागात. वडील हवाई दलात पाद्री होते. मूल तीन महिन्यांचं असताना ते घर सोडून गेले. आईने पुन्हा लग्न केलं आणि कुटुंब वेल्समधल्या अँगलसी बेटावर आलं. वेल्श मुलांच्या शाळेत हा इंग्रज पोरगा एकटा पडला. पुढे त्याने लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात बीटल्सना ऐकलं, त्यांची पहिली तबकडी निघण्याच्या आधी, आणि शेवटपर्यंत त्याच्या लेखी बीटल्स हाच सर्वांत थोर बँड राहिला. रोलिंग स्टोन्सपेक्षा बीटल्स खरे दांडगट होते, असं तो ठासून सांगायचा.

साठच्या दशकात ‘रॉकिन विकर्स’ या ब्लॅकपूलच्या बँडमध्ये तो गिटार वाजवत होता. हे लोक पाद्र्यांची पांढरी कॉलर लावून रंगमंचावर येत. सोडून गेलेल्या पाद्री बापाच्या मुलाला तो पोशाख घालताना काय वाटलं असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. १९६७मध्ये लंडनला आल्यावर त्याला गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या ताफ्यात अँप उचलण्याचं काम मिळालं. हेंड्रिक्स रोज दहा फुटांवरून ऐकायला मिळणं ही शिकवणी कुठल्याही अकादमीत मिळाली नसती. तिचा एक परिणाम असाही झाला असावा, की हा माणूस उत्तम गिटारवादक होण्याच्या नादी पुन्हा फारसा लागला नाही.

मराठी वाचकांनी आवर्जून शोधावी अशी एक तबकडी याच काळातली आहे. मलेशियात जन्मलेले तबलावादक सॅम गोपाल यांच्या बँडची ‘एस्केलेटर’ ही तबकडी १९६९ साली आली. गायक आणि गिटारवादक म्हणून तिच्यावर इयन विलिस असं नाव आहे, विलिस हे सावत्र वडिलांचं आडनाव. तोच लेमी. बँडमध्ये ड्रमसेट नाही, ठेका तबल्यावर. नंतर जगातल्या सर्वांत कर्कश बँडांपैकी एक चालवणारा हा माणूस इथे तबल्याच्या साथीवर हळू, धुकट गाणी म्हणतोय. तबकडी थोर नाही. तबल्याचे बोल गिटारच्या गोंगाटात बऱ्याचदा बुडतात. पण एकदा ऐकण्यासारखी नक्की आहे.

‘हॉकविंड’मध्ये तो चार वर्षं होता. अंतराळकथा, प्रकाशझोत, अमली पदार्थ आणि लांबच लांब वादन असा तो सगळा मामला. १९७२मध्ये ‘सिल्व्हर मशीन’ हे त्यांचं गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. मैफलीतल्या मूळ ध्वनिमुद्रणातला आवाज वेगळ्या गायकाचा होता, तो जमला नाही म्हणून स्टुडिओत लेमीचा आवाज वरून बसवला गेला. बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं बेसवादकाच्या तोंडी गेलं, हे बाकीच्यांना फारसं गोड लागलं नाही, असं लेमीचं म्हणणं.

मे १९७५मध्ये अमेरिकेतून कॅनडात शिरताना विंडसरच्या सीमेवर त्याच्याकडे भुकटी सापडली. पोलिसांनी ती कोकेन समजून गुन्हा नोंदवला. ती निघाली अँफेटामाइन, म्हणजे कलम चुकलं, आणि त्याची सुटका झाली. बँडने त्याला सोडवलं, टोरोंटोचा कार्यक्रम वाजवून घेतला आणि लगेच काढून टाकलं. बाकीचे लोक वेगळ्या जातीच्या नशेत होते, आपण चुकीची नशा करत होतो म्हणून गेलो, असा त्याचा दावा. त्या विनोदात तथ्य असेलही, पण वेळ न पाळणारा आणि सगळ्यांना सीमेवर अडकवणारा सहकारी कोण किती दिवस सांभाळणार?

लंडनला परतून त्याने स्वतःचा बँड काढला. हॉकविंडसाठी लिहिलेल्या शेवटच्या गाण्याचंच नाव त्याला दिलं, मोटरहेड. पहिली दोन वर्षं नुसती फरफट होती. एका कंपनीने तबकडी करून घेतली आणि विकण्यालायक नाही म्हणून बासनात बांधली. एव्हाना बँड तिघांवर स्थिरावला होता. बेस आणि गायन लेमी, गिटारवर एडी क्लार्क, ड्रमवर फिल टेलर. १९७७च्या वसंतात, आता पुरे, असं त्यांनी ठरवलं आणि मार्की क्लबात निरोपाचा कार्यक्रम लावला. आठवण म्हणून तो मुद्रित व्हावा अशी त्यांची इच्छा होती. चिझिक या छोट्या कंपनीचे टेड कॅरोल यांनी त्याऐवजी एकच गाणं मुद्रित करायला दोन दिवस स्टुडिओ दिला. या तिघांनी न झोपता अकरा गाणी उरकून टाकली. कॅरोलनी ऐकलं आणि बाकीच्या कामाचे पैसे दिले. बँड मोडायचा राहिला तो पुढची अडतीस वर्षं.

नंतरचा काळ वेगाने चढत गेला. १९७९मध्ये ‘ओव्हरकिल’ आणि ‘बॉम्बर’ या दोन तबकड्या आल्या, नोव्हेंबर १९८०मध्ये ‘एस ऑफ स्पेड्स’. तिच्या मुखपृष्ठावर तिघे काळ्या कपड्यांत वाळवंटात उभे आहेत. ते वाळवंट म्हणजे उत्तर लंडनमधली वाळूची खाण. शीर्षकगीत जुगाराच्या पत्त्यांवर आहे, पण लेमीचा स्वतःचा जीव नाणी घालून खेळायच्या यंत्रांवर होता. फिरणाऱ्या फळांवर गाणं कसं लिहिणार, असं तो म्हणायचा. १९८१ची ‘नो स्लीप टिल हॅमरस्मिथ’ ही मैफलींची तबकडी थेट पहिल्या क्रमांकावर आली. तिच्यात हॅमरस्मिथची एकही मैफल नाही. बहुतेक मुद्रण झालं लीड्स आणि न्यूकासलला.

‘ओव्हरकिल’च्या शीर्षकगीताकडे मात्र सावकाश पाहायला हवं. लेमीने बेसमधला खर्ज काढून टाकला हे आपण पाहिलं. मग खालची बाजू कोणी धरली? टेलरच्या दोन पायांनी. दोन मोठे ड्रम, दोन्ही पायांनी अखंड द्रुत लयीत. त्यामुळे बँडची रचनाच पालटली. खर्ज ड्रमकडे गेला, ठेक्याच्या गिटारचं काम बेसने घेतलं, आणि क्लार्क मोकळा झाला. तिघांच्या बँडमध्ये गिटारवादक एकल वादनाला गेला की मागे भगदाड पडतं. इथे पडत नाही, कारण मागे लेमी दोन माणसांचं काम करतोय. पुढच्या पिढीने हा वेग आणि ही दोन पायांची लय उचलली. ‘मेटालिका’ या मेटल बँडचे लोक तर लेमीच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, १९९५मध्ये, त्याच्यासारखा वेश करून ‘द लेमीज’ या नावाने त्याचीच गाणी वाजवून गेले.

पंक पोरं आणि मेटलवाली पोरं तेव्हा एकमेकांचं तोंड पाहत नसत. मोटरहेडला दोघेही येत. लेमीने स्वतः ‘द डॅम्ड’ या पंक बँडबरोबर बेस वाजवला. ‘गर्लस्कूल’ या मुलींच्या हेवी मेटल बँडला त्याने दौऱ्यावर बरोबर नेलं, आणि १९८१मध्ये दोन्ही बँडांनी मिळून केलेली छोटी तबकडी पाचव्या क्रमांकावर गेली. मुलींना गिटार धरलेलं पाहून नाकं मुरडणाऱ्या त्या जगात हे सोपं नव्हतं. स्वतःच्या संगीताला मात्र तो मेटल म्हणू द्यायचा नाही. आम्ही रॉक अँड रोल वाजवतो, एवढंच. लिटल रिचर्ड ऐकत वाढलेल्या माणसाचं हे म्हणणं मला पटतं. त्याची गाणी उघडून पाहिली तर आत पन्नासच्या दशकाचाच सांगाडा सापडतो.

क्लार्क १९८२मध्ये गेला, टेलर गेला, आला, पुन्हा गेला. पैसा कायम तुटपुंजा. १९९०मध्ये लेमी लॉस एंजेलिसला राहायला गेला. ऑझी ऑस्बॉर्नच्या १९९१च्या तबकडीसाठी त्याने चार गाण्यांचे शब्द लिहिले, आणि मोटरहेडच्या पंधरा वर्षांत मिळाले नाहीत तेवढे पैसे त्या चार गाण्यांनी दिले, असं तो सांगायचा. २००५मध्ये ग्रॅमी मिळाला तो मेटालिकाच्या गाण्यासाठी. शिष्याचं गाणं गाऊन गुरूला बक्षीस मिळालं!

एक गोष्ट त्याचे चाहते झटकून टाकतात, ती झटकू नये. लेमी नाझी काळातल्या वस्तू जमवायचा आणि अंगावरही मिरवायचा. गणवेश वाईट लोकांचेच देखणे होते, मला विचारसरणीशी देणंघेणं नाही, असा त्याचा बचाव. तो वंशवादी होता असं मला वाटत नाही. पण ज्यांची माणसं त्या गणवेशांनी मारली, त्यांच्यासमोर देखणेपणाचं कारण टिकत नाही. युद्धाचा इतिहास तो मनापासून वाचायचा, आणि त्यातून त्याने ‘१९१६’ हे गाणं लिहिलं, पहिल्या महायुद्धात वय खोटं सांगून भरती झालेल्या पोरांवर. गिटारचा गोंगाट नाही, जोडीला चेलो, आणि तो खरखरीत आवाज जवळजवळ कुजबुजल्यासारखा. हा माणूस गाऊ शकत नाही म्हणणाऱ्यांना एवढं एक गाणं पुरे.

तोंड आभाळाकडे आणि माईक डोक्याच्या वर, ही त्याची उभं राहण्याची तऱ्हा शेवटपर्यंत बदलली नाही. बदललं ते शरीर. चाळीस वर्षांची व्हिस्की, सिगारेटी आणि अँफेटामाइन यांचा हिशेब मधुमेह आणि हृदयविकाराने चुकता करायला घेतला होता. सप्टेंबर २०१५मध्ये ऑस्टिनला तो काही गाण्यांनंतर रंगमंच सोडून गेला. नोव्हेंबरमध्ये फिल टेलर वारला. ११ डिसेंबरला बर्लिनला मोटरहेडचा शेवटचा कार्यक्रम झाला. २४ तारखेला लेमी सत्तर वर्षांचा झाला, दोन दिवसांनी कर्करोगाचं निदान झालं आणि २८ डिसेंबरला तो गेला. बावीस स्टुडिओ-तबकड्या निघालेला बँड त्याच दिवशी संपला. एडी क्लार्कही जानेवारी २०१८मध्ये गेला.

या आठवड्यात तीन गाणी ऐका. आधी ‘ओव्हरकिल’, आणि त्यात गिटार सोडून फक्त बेस शोधा. पहिल्यांदा तो सापडणार नाही, कारण ज्याला तुम्ही गिटार समजाल त्यातला निम्मा आवाज बेसचाच आहे. मग ‘१९१६’. आणि शेवटी तबल्याच्या साथीची ‘एस्केलेटर’मधली कुठलीही चीज. पुढच्या लेखांकात डब्लिनचा फिल लायनॉट, ‘थिन लिझी’चा बेसवादक आणि गायक. १९८२मध्ये क्लार्कच्या जागी मोटरहेडमध्ये आलेला ब्रायन रॉबर्टसन हा आधी त्याचाच गिटारवादक होता.