काळ्या चांदीचे मोल

वाशी-नेरूळच्या अनेक घरांत पूजेची चांदीची उपकरणे काही महिन्यांतच काळवंडतात आणि चांदी खोटी निघाली, असा संशय सराफावर येतो. हा संशय बहुधा अनाठायी असतो. हवेतील हायड्रोजन सल्फाइड वायूमधील गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर जमतो. खाडीकाठच्या चिखलात सेंद्रिय पदार्थ कुजतात, तेव्हाही हा वायू निर्माण होतो. शुद्ध चांदीही काळी पडते. काळेपणा हा भेसळीचा पुरावा नव्हे.

हेच संयुग निसर्गात खनिजरूपाने सापडते. त्याचे नाव अकँथाइट. काट्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले. १०० ग्रॅम शुद्ध खनिजात सुमारे ८७ ग्रॅम चांदी असते. ते इतके मऊ असते की चाकूने कापता येते. १७३ अंश सेल्सिअसच्या वर त्याचे स्फटिक घनाकृती घडतात. थंड होताना अंतर्रचना बदलते, परंतु बाहेरचा घनाकार टिकून राहू शकतो. जर्मनीतील फ्रायबर्ग, मेक्सिकोतील ग्वानाह्वातो आणि मोरोक्कोतील इमितेर येथील नमुने संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्राच्या बेसाल्टची कीर्ती मात्र झिओलाइट आणि वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटमुळे आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे वैभव पाहता येते.

व्यापारी घराण्यांना यातून एक हिशेब शिकता येतो. अकँथाइटचा सुबक स्फटिक आटवला, तर हाती केवळ चांदीचा भाव येतो. त्याची घडण नाहीशी होते आणि संग्राहक पैसे मोजतो ते त्या घडणीचेच. म्हणूनच जाणकार असा नमुना उजळवत नाहीत. प्रकाशाने त्याची झळाळी मंदावते, यासाठी तो अंधारात जपतात.

पूर्वजांच्या चांदीचेही असेच आहे. पावडरीने वारंवार घासल्यास काळ्या थराबरोबर थोडी चांदीही जाते. नक्षी आणि कोरलेली नावे पुसट होतात. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून, अ‍ॅल्युमिनिअमच्या पातळ पत्र्याला टेकवून भांडे ठेवल्यास गंधक अ‍ॅल्युमिनिअमकडे जाते आणि चांदी भांड्यावरच राहते. मात्र खडे जडवलेल्या किंवा मुद्दाम काळी नक्षी राखलेल्या वस्तूंवर हा उपाय करू नये.

काळवंडलेली वस्तू मोडीत घालण्यापूर्वी तिच्यावरील नाव एकदा वाचावे. तराजूत वजन येते, नाव येत नाही.