विंडोज मारली, पण उठेना!

देवगाव रंगारीसारख्या गावात सातबारा, पीकविमा, परीक्षेचे अर्ज असं सगळं एकाच जुन्या संगणकावर चालतं. तो रखडायला लागला की नवी एसएसडी बसवून 'विंडोज मारतात'. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं नियमित पाठबळ थांबल्यापासून तर हे काम वाढलंच. सगळं शंभर टक्के होतं, पेनड्राइव्ह निघतो आणि काळ्या पडद्यावर ओळ उमटते: 'नो बूटेबल डिव्हाइस'. लगेच कुणीतरी म्हणतं, "परत फॉरमॅट मारू."

जरा थांबा. विंडोज बहुधा डिस्कवर असतेच, संगणक तिला भलतीकडे शोधत असतो.

बटण दाबल्यावर आधी जागं होतं ते मदरबोर्डवरचं फर्मवेअर. जुनं बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतं. त्यात ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्याला आणि शेवटचे दोन ओळखखुणेला. ही मांडणी १९८३ च्या पीसी डॉस २.० पासूनची. नवं यूईएफआय मात्र एका छोट्या, वेगळ्या पार्टिशनमधली ठरावीक फाइल उघडतं. डिस्कची मांडणी एका पद्धतीची आणि फर्मवेअरची सेटिंग दुसऱ्या पद्धतीची असली की गाडी अडते. गट नंबर चुकीचा टाकला म्हणून शेत नाहीसं होत नाही, सातबारा तेवढा सापडत नाही, तसंच हे.

दुसरी नेहमीची गंमत दोन डिस्कांची. विंडोज नव्या डिस्कवर जाते, पण तिला उठवणाऱ्या फाइली जुन्या डिस्कवरच्या पार्टिशनमध्ये बसतात. जुनी डिस्क काढली की नवी मुकी! म्हणून इन्स्टॉल करताना एकच डिस्क जोडलेली बरी.

घड्याळ दरवेळी जुनी तारीख दाखवत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. लाइट गेली की अशा संगणकाची बूट सेटिंगही विसरली जाऊ शकते.

तेव्हा आधी फर्मवेअरच्या सेटअपमध्ये जाऊन डिस्क दिसते का पाहा. दिसत नसेल तर केबल तपासा. दिसत असेल तर बूटचा क्रम आणि पद्धत पाहा. तरीही अडलं, तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून 'बीसीडीबूट' ही आज्ञा चालवून किंवा संगणकावर लिनक्स असेल तर त्याला उठवणारा 'ग्रब' हा प्रोग्रॅम पुन्हा बसवून काम भागतं, डेटाला हात न लावता. फॉरमॅट हा शेवटचा उपाय. त्याआधी फाइलींची प्रत मात्र काढून ठेवा.