तुरीच्या ओळीतली चार झाडं

‘साऱ्या जगात गांजा खुला झाला, मग आपल्याच वावरात काय बिघडलं?’ कपाशीला भाव नसला की असा प्रश्न निघतो. २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने तर दोन एकरांत गांजा लावायची परवानगी प्रशासनाकडे मागितली होती. त्या अर्जामागची कोंडी खरी आहे. जगाविषयीचा समज मात्र चुकीचा आहे आणि यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तो फार महाग पडू शकतो.

सर्वांत घातक समज असा, की तुरीच्या ओळीत चार झाडं लावली तर दंडावर भागतं. गोंधळ होतो तो ‘अल्प प्रमाणा’मुळे. ती सवलत जवळ सापडलेल्या मालाला आहे. किलोभरापर्यंत गांजा असेल तर एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माल २० किलोंच्या वर गेला की किमान दहा वर्षं. लागवडीला अशी वजनाची पायरीच नाही. अमली पदार्थांविषयीच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्याचं कलम २० विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. वावर मक्त्याने दिलेलं असलं तरी मालक सुटत नाही. झाडं आहेत हे माहीत असून त्याने कळवलं नाही, तर कलम ४६नुसार तोही शिक्षेस पात्र ठरतो. उत्तराखंडात २०१८पासून परवाने मिळतात, पण ते नशा नगण्य असलेल्या वाणाचे, धाग्यासाठी आणि बियांसाठी. बांधावरच्या अंबाडीची धास्ती मात्र कुणी घेऊ नये. पानं जराशी गांजासारखी दिसली, तरी ती कपाशी-भेंडीच्या कुळातली.

भांगेचं काय? बोंडाशिवायची नुसती पानं केंद्राच्या कायद्यात गांजा ठरत नाहीत, हे खरं. पण महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. शिवरात्र असली तरी परवाना लागतोच.

आता जगाकडे पाहू. नेदरलँड्समध्ये गांजा आजही कायद्याने बंदच आहे. कॉफी शॉपमधल्या पाच ग्रॅमपर्यंतच्या विक्रीवर सरकार कारवाई करत नाही, एवढंच. जर्मनीने १ एप्रिल २०२४पासून प्रौढांना घरी तीन झाडं लावू दिली, दुकानं मात्र उघडू दिली नाहीत. उरुग्वेने २०१३ साली आणि कॅनडाने २०१८ साली विक्रीही खुली केली, तीही परवाना, वय आणि वजनाची मर्यादा घालून. थायलंडने २०२२ साली गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि २०२५ साली पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. सिंगापुरात ५०० ग्रॅमहून अधिक गांजाच्या तस्करीला फाशी आहे. बेबंद शेतीची मोकळीक यांपैकी कुठेच नाही.

मला आपल्यासाठी सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो तो पोर्तुगाल. तिथे गांजा कायदेशीर झालेला नाही. मात्र २००१पासून दहा दिवस पुरेल एवढा साठा सापडला, तर माणूस फौजदारी कोर्टाऐवजी एका समितीपुढे जातो आणि गरज असेल तर उपचारांकडे. विकणाऱ्याला तुरुंग आहेच.

अशी एक वाट आपल्या कायद्यातही आहे, पण फार थोड्या घरांना ती ठाऊक असते. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसाने आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, तर कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले, तर ते संरक्षण काढून घेता येतं. पोरगा पकडला गेला, तर वकिलाला हे कलम पहिल्याच दिवशी विचारावं.