उमराहचा हिशेब घरापासून मांडा

आपल्या गोंदिया जिल्ह्यात बहुतेक मुस्लिम कुटुंबांसाठी परदेश प्रवास म्हणजे हज किंवा उमराह. घरातला पहिला पासपोर्टही त्यासाठीच निघतो. नियत पक्की असते, पण हिशेब मात्र एजंटने सांगितलेल्या एका आकड्यावर थांबतो. त्या आकड्यात सगळा खर्च नसतो. मग ऐन वेळी उसनवारी होते, नाहीतर दागिने गहाण पडतात. हज फर्ज होण्यासाठी इस्तिताअत, म्हणजे ऐपत लागते, आणि त्या ऐपतीत मागे राहणाऱ्या घरच्यांचा खर्चही धरलेला आहे. उमराहच्या हिशेबालाही हीच कसोटी लावू या. वहीच्या एका पानावर चार रकाने आखा.

पहिला रकाना निघण्यापूर्वीचा. प्रौढांच्या 36 पानी पासपोर्टचे शुल्क 1500 रुपये आहे. तत्काळ हवा असेल तर 2000 रुपये जादा. घाई टाळली तर जोडप्याचे 4000 रुपये वाचतात. शाळेचा दाखला, आधार आणि पॅन यांवरचे नाव आधी जुळवून पाहा. ‘मोहम्मद’ एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर ‘मो.’ असेल, तर दुरुस्तीत आठवडे जातात. जुना पासपोर्ट असेल तर त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. मेनिन्जायटिसची लस, नागपूर किंवा मुंबईपर्यंतचे रेल्वेभाडे आणि तिथला मुक्काम हेही याच रकान्यात लिहा.

दुसरा रकाना पॅकेजचा. विमान थेट आहे की वाटेत बदलायचे आहे? हॉटेलचे नाव काय, हरमपासून अंतर किती, एका खोलीत किती जण? जेवण, व्हिसा, मदिन्याची बस आणि जीएसटी धरून आकडा आहे का? प्रवास रद्द झाला तर किती पैसे परत मिळतील? ही उत्तरे लेखी घ्या. पैसे संस्थेच्या बँक खात्यातच भरा आणि पावती जपा. टीसीएस घेतला गेला, तर तो आपल्या पॅनवर जमा होतो; आयकर विवरणपत्र भरताना त्याचा हिशेब होतो. हज कमिटीमार्फत हजला जाणाऱ्यांनी नागपूर आणि मुंबई या दोन्ही ठिकाणांचा खर्च ताडून पाहावा. विमानभाड्यावरचे सरकारी अनुदान 2018 मध्ये बंद झाले आहे.

तिसरा रकाना तिथल्या खर्चाचा. रियालचा दर डॉलरला बांधलेला आहे: एक डॉलर म्हणजे 3.75 रियाल. त्यामुळे डॉलर महागला की रियालही महागतो. समजा, दर रियालमागे दोन रुपयांनी वाढला, तर 1500 रियालला 3000 रुपये जास्त लागतील. तेवढी शिल्लक ठेवा. घरचा मसाला बांधून नेणार असाल, तर त्यात खसखस नको. सौदीत तिला बंदी आहे.

चौथा रकाना घरचा, आणि तोच नेमका विसरला जातो. दुकान बंद राहील त्या दिवसांची कमाई, मुलांची फी, वीजबिल, अम्मी-अब्बूंची औषधे. शिवाय निघतानाची दावत आणि परतल्यावर वाटायच्या खजूर, तसबीह, जानमाज. हे रिवाज आहेत, उमराहचे अरकान नव्हेत. त्यांची मर्यादा आधीच ठरवा आणि नातेवाइकांना मोकळेपणाने सांगा.

चारही रकान्यांची बेरीज 2,40,000 रुपये आली असे धरू. नोकरदाराला दोन वर्षे महिना 10,000 बाजूला काढावे लागतील. खरीप आणि उन्हाळी अशी दोन्ही धानाची पिके घेणाऱ्याने चार हंगामांत प्रत्येकी 60,000 ठेवावेत. तेवढे जमत नसेल तर मुदत वाढवा, कर्ज नको. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. लग्नकार्याला तिला हात लावू नका.

मलेशियात खेड्यातली माणसे जमीन-जनावरे विकून हजला जात आणि परतल्यावर संसार नव्याने उभा करत. हे थांबावे म्हणून तिथे 1963 मध्ये हजसाठीची बचत संस्था सुरू झाली. आज ती ‘ताबुंग हाजी’ म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे तशी संस्था नसली, तरी दोन-तीन घरांनी मिळून ही शिस्त पाळता येईल. या महिन्याचा पगार किंवा धानाचे चुकारे हाती आले, की पहिली रक्कम त्या खात्यात टाका. इन्शाअल्लाह, निघण्याच्या दिवशी डोक्यावर कोणाचे देणे नसेल.