मोटारप्रवासाच्या प्रदर्शनास जाण्याची व तेथें मुक्काम करण्याची तयारी

आपल्या मंडळाच्या कित्येक सभासदांचीं मुलें हल्लीं अमेरिकेंत नोकरीधंद्यास आहेत, आणि त्यांच्याकडे जाऊन चार-पांच महिने राहून येण्याचा प्रघात आतां खेड्यापाड्यांतहि पडला आहे. तिकडील तरुण मंडळींना सुटीच्या दिवशीं मोटारींत शिधा व तंबू घालून रानांत मुक्कामास जाण्याची मोठी हौस असते. अशा हौशी लोकांचें ओव्हरलँड एक्स्पो नांवाचें प्रदर्शन २००९ सालीं सुरू झालें व पुढें तें एकाहून अधिक ठिकाणीं भरूं लागलें. त्यांपैकीं ॲरिझोना संस्थानांतील फ्लॅगस्टाफ या गांवाजवळ मे महिन्याच्या मध्यास भरत आलेलें प्रदर्शन विशेष प्रसिद्ध आहे. मुलगा-सून आग्रहानें तेथें नेऊं लागले तर वडील माणसांनीं कोणती पूर्वतयारी करावी, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

ज्या शब्दावरून प्रदर्शनाचें नांव पडलें तो मूळचा गुराख्यांचा आहे, ही गोष्ट शेतकरी वाचकांस गमतीची वाटेल. ऑस्ट्रेलियांत गेल्या शतकाच्या मागील शतकांत गुरांचे मोठाले कळप जमिनीवरून शेंकडों मैल हांकीत नेणाऱ्यांस ओव्हरलँडर म्हणत. जोसेफ हॉडन याने १८३८ सालीं न्यू साउथ वेल्समधून सुमारें तीनशें गुरें ॲडलेडपर्यंत अशींच नेलीं. पुढें आल्फ्रेड कॅनिंग याने १९०६ सालापासून पाहणी करून पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांतून गुरांकरितां सुमारें अठराशें किलोमीटरांचा मार्ग आंखला आणि त्यावर पन्नासाच्या आसपास विहिरी खोदविल्या. कळप एका दिवसांत जितका चालेल तितकें साधारणतः दोन विहिरींमधील अंतर ठेविलें होतें. (पाण्याच्या जागा दाखविण्यासाठीं त्याने तेथील मूळ रहिवाशांना साखळ्यांनीं बांधून नेलें, ही गोष्ट त्या कामाच्या स्तुतींत बहुधा गाळली जाते.) तात्पर्य इतकेंच कीं, प्रवासाचा बेत आधीं पाण्यावरून ठरे, मग वाहनावरून. आज या प्रदर्शनास जाणारे पुष्कळ लोक नेमकें उलट करितात.

आतां जागेविषयीं. फ्लॅगस्टाफच्या दक्षिणेस फोर्ट टटहिल म्हणून परगण्याचें मोठें उद्यान आहे. १९२८ पासून १९४८ पर्यंत तेथें संस्थानच्या राखीव सैन्याची उन्हाळी छावणी भरत असे. त्याच पटांगणांत सप्टेंबरच्या आरंभीं परगण्याची जत्रा भरते, व तींत गुरेंढोरें व शेतमालहि मांडतात. भोंवतीं उंच पाइन वृक्षांचें दाट रान आहे. परंतु सर्वांत ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या जागेची उंची. समुद्रसपाटीपासून ती सुमारें एकवीसशें मीटर आहे. आपलें कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी साडेचारशें मीटर चढून मग तंबू ठोकावयाचा, असें समजावें.

बहुतेक लोक फिनिक्स शहराकडून येतात. तें शहर समुद्रसपाटीपासून अवघें सवातीनशें मीटरांवर असून मे महिन्याच्या मध्यास तेथें दुपारीं पस्तीस अंशांच्या आसपास उन्हाळा असतो. तेथून सुमारें दोनशें तीस किलोमीटर गाडी हांकली कीं अडीच-तीन तासांत मनुष्य त्या उंचीवर पोंचतो, आणि त्याच रात्रीं पारा दोन अंशांपर्यंत उतरतो. कधीं पाणीहि गोठतें. दुपारच्या उन्हांत सुती सदऱ्यावर निघालेले लोक पहाटे कुडकुडत बसतात तें यामुळेंच. म्हणून अंथरुणाचा विचार पांघरुणाच्या आधीं करावा. जमिनीची थंडी खालून लागते. अंगाखालीं जाड गादी नसेल तर वर दोन रजया घेऊनहि ऊब येत नाहीं. लोकरीची कानटोपी व पायमोजे हवेतच. तंबू गरम करण्यासाठीं आंत शेगडी किंवा गॅसची चूल पेटवूं नये. बंद तंबूंत तिच्यापासून होणाऱ्या विषारी वायूस वास नसतो, आणि झोपलेल्या माणसास जाग येत नाहीं.

विरळ हवेनें पहिल्या दिवशीं डोकें दुखणें, धाप लागणें, झोंप न येणें असे प्रकार होतात. एक दिवस आधीं पोंचून स्वस्थ बसावें. हृदयाचा अगर दम्याचा विकार असणाऱ्यांनीं निघण्यापूर्वीं वैद्यांचा सल्ला घ्यावा, व मुलांच्या आग्रहास भीड घालूं नये.

स्वयंपाकाचीहि तिकडे निराळीच गंमत आहे. त्या उंचीवर पाणी त्र्याण्णव अंशांच्या सुमारासच उकळतें. म्हणून उघड्या पातेल्यांत डाळ शिजण्यास फार वेळ लागतो. यावर आपला शिट्टीचा कुकर हाच उपाय. तो घरून नेण्यास कोणी हंसलें तर हंसूं द्यावें. डाळ व कडधान्यें सकाळींच भिजत घालावीं. लहान चुलींना लागणाऱ्या डब्यांत नुसता ब्युटेन वायु असेल तर शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफच होईनाशी होते, व पहाटेच्या चहाच्या वेळीं चूल रुसते. प्रोपेन उणें बेचाळीस अंशांपर्यंत काम देतो. म्हणून विकत घेतांना डब्यावरचें नांव वाचून प्रोपेनचाच घ्यावा.

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीवर गेली, आणि टंचाईच्या वर्षांत टँकरच्या खेपांचा हिशेब ठेवतां ठेवतां पाण्याकडे लिटरांत पाहण्याची संवय जडली. आपल्याकडे टँकरचें पाणी देतांना खेड्यांत दरमाणशीं दररोज वीस लिटर धरीत. रानांतील मुक्कामास अमेरिकन लोक पिण्यास व रांधण्यास मिळून माणशीं एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, पुरे मानितात. हातपाय व भांडीं धुण्यासह सहा लिटर धरणें बरें. तेथील हवा अतिशय कोरडी असल्यामुळें घाम अंगावर दिसत नाहीं व तहानहि लौकर कळत नाहीं. यास्तव तहानेची वाट न पाहतां पाणी पीत राहावें. (जुलैंत तेथेंहि पावसाळा लागतो व त्यास ते लोक मॉन्सूनच म्हणतात, पण मे महिना कोरडा जातो.)

आतां हाच हिशेब गाडीच्या वजनास जोडून पाहूं. चार माणसें, चार दिवस, रोज सहा लिटर, म्हणजे शहाण्णव लिटर. आणि लिटरास एक किलो वजन. माणसांचें वजन दोनशें ऐंशी किलो धरलें, गाडीच्या टपावर बसविण्याचा घडीचा तंबू पासष्ट किलो, आणि बिछाने, शिधा, बर्फाची पेटी, चूल मिळून नव्वद किलो, तर एकूण पांचशें एकतीस किलो होतात. अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवर एक पाटी लाविलेली असते. माणसें व सामान मिळून किती ओझें चालेल तें तीवर पौंडांत लिहिलेलें असतें. समजा, पाटीवर एक हजार पौंड आहेत. म्हणजे सुमारें चारशें चौपन्न किलो. तेव्हां घरून निघतांनाच गाडी सत्त्याहत्तर किलोंनीं जड झाली! त्यांत टपावरचें ओझें वळणावर गाडीस कलंडवूं पाहतें तें वेगळेंच. टपावरच्या तंबूऐवजीं जमिनीवर ठोकण्याचा दहा किलोंचा साधा तंबू घेतला, आणि निम्मेंच पाणी बरोबर घेऊन उरलेलें फ्लॅगस्टाफ गांवांत भरून घेतलें, तर एकशें तीन किलो कमी होऊन तीच गाडी नियमांत बसते. प्रदर्शनांत शेंकडों दुकानें मांडलेलीं असतात व प्रत्येक दुकानदार गाडीवर कांहींतरी नवें चढवूं पाहतो. पाटीवरचा आंकडा कागदावर टिपून खिशांत ठेवला तर पुष्कळ पैसे वांचतात. दुकानांपेक्षां तेथील शिकवणीचे वर्ग पाहण्यासारखे. रुतलेली गाडी काढणें, उतारावर ती सांवरणें, प्रथमोपचार करणें हें सारें तेथें जाणते लोक शिकवितात. चिखलांत ट्रॅक्टर-ट्रॉली रुतल्याचा अनुभव ज्यांस आहे त्यांनीं तें जरूर पाहावें.

मुक्कामाची चिठ्ठी प्रवेशाच्या तिकिटाबरोबर आपोआप मिळेल असें धरून चालूं नये. ती बरीच आधीं घेऊन ठेवावी. आंत जागा न मिळाल्यास जवळच्या कोकोनिनो सरकारी रानांत तंबू ठोकतां येतो. तेथें तीस दिवसांत चौदा दिवसांची मर्यादा आहे, आणि गांवालगतचे कांहीं पट्टे मुक्कामास बंद असतात. म्हणून रानखात्याच्या कचेरींत नकाशा पाहूनच जागा धरावी.

आणि आग. या बाबतींत जितकें सांगावें तितकें थोडें. त्या भागांत मे व जून महिन्यांत वारा जोराचा असतो, आणि पाइनच्या वाळलेल्या सुयांचा जाड थर जमिनीवर सांचलेला असतो. २०१० च्या जूनमध्यें कोणीतरी शेकोटी न विझवितां निघून गेलें, आणि गांवाच्या उत्तरेकडील डोंगराचें सुमारें पंधरा हजार एकर रान जळालें. जळालेल्या उतारावर पाणी मुरेना. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसांत लोंढा खालच्या वस्तींत उतरला व बारा वर्षांची एक मुलगी वाहून गेली. २०२२ च्या जूनमध्यें तर एका मुक्कामी माणसानें शौचाचा कागद जाळला, एवढ्यानें लागलेल्या वणव्यांत सव्वीस हजार एकरांहून अधिक रान गेलें. आपल्याकडे बांधावरचें गवत पेटवून घरीं जेवावयास जाणारे लोक आहेत. त्यांनीं हे आंकडे गुंठ्यांत करून पाहावे. उन्हाळ्याच्या तोंडीं सरकार तेथें शेकोटीस बंदी करितें, व ती मुक्कामाच्या दिवशीं आहे कीं नाहीं हें विचारल्याशिवाय काडी ओढूं नये. शेकोटीस मुभा असली तरी ती विझवितांना पाणी ओतावें, राख ढवळावी, पुनः ओतावें, व उलटा हात जवळ नेऊन कोठेंहि ऊब उरली नाहीं अशी खात्री करावी. यासाठीं लागणारें बादलीभर पाणी वरच्या शहाण्णव लिटरांत धरलेलें नाहीं.

रानांत शौचास जावें लागल्यास पाण्यापासून साठ मीटर दूर सहा ते आठ इंच खोल खड्डा करावा व माती लोटावी. कागद पिशवींत घालून परत आणावा. खरकटेंहि उघड्यावर टाकूं नये. तें व शिधा रात्रीं गाडींत बंद ठेवावा.

इकडून जाणाऱ्या शेतकऱ्यांस आणखी एक सूचना. अमेरिकेंत उतरतांना शेतावर किंवा गुरांजवळ जाऊन आलां काय असें विचारतात. खरें उत्तर द्यावें, व जोडे घरूनच स्वच्छ धुऊन न्यावे. ताजीं फळें, मांस आणि नातवासाठीं म्हणून पुडींत बांधलेलें भाजीचें बीं नेऊं नये. रोगांच्या भीतीनें तें अडवितात, आणि लपविल्यास दंड होतो.

सोमवारीं सकाळीं तंबू आंवरल्यावर परतीचा रस्ता एकंदरींत उताराचा आहे. फिनिक्सकडे जातांना कॅम्प व्हर्डेच्या वर फार मोठा उतार लागतो. भरल्या गाडीचा ब्रेक तेथें सारखा दाबून धरल्यास तापून निकामी होतो. म्हणून खालच्या गिअरमध्यें गाडी घालून, उरलेलें पाणी आधींच झाडांच्या मुळांशीं ओतून, हलक्या वजनानें उतरावें.