बेल वाजली की कुत्रा का चवताळतो?

दारावरची बेल वाजते, कुत्रा भुंकत झेपावतो, कुरिअरवाला पाकीट देऊन निघून जातो. आपल्या लेखी व्यवहार संपला. कुत्र्याच्या लेखी मात्र तो विजय असतो: मी भुंकलो, म्हणून परका माणूस पळाला! दिवसातून चार वेळा असा विजय मिळाला तर सवय पक्की होणारच. पिल्लू असताना सगळ्यांच्या अंगावर लाडाने उड्या मारणारा कुत्रा वर्ष-दोन वर्षांचा झाला की दार, जिना, गाडी राखू लागतो, ते यामुळेच अधिक घट्ट होते.

अशा वेळी आपण ओरडतो, म्हणजे गोंधळात भर घालतो. काही जण फटका देतात. ही चूक महागात पडते. गुरगुरणे हा कुत्र्याने दिलेला इशारा असतो. माराने तो इशारा बंद होतो, भीती आतच राहते. आणि मग एखाद्या दिवशी कुत्रा न गुरगुरता थेट चावतो.

बदलायचा आहे तो बेलचा अर्थ. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांचेच हे घरगुती रूप. बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि अगदी हळू वाजवा. लगेच दारापासून दूर, त्याच्या सतरंजीवर उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या. आधी बेल, मग खाऊ. हा क्रम उलटला तर उपयोग नाही. काही दिवसांनी आवाज वाढवा, मग घरातल्या कुणाला तरी खरी बेल वाजवायला सांगा, शेवटी ओळखीच्या शेजाऱ्यांना. कुत्रा भुंकला तर आपण घाई केली असे समजून एक पायरी मागे यावे. याला काही आठवडे लागतात. तोवर खरा पाहुणा आला की कुत्रा आतल्या खोलीत, म्हणजे जुना विजय पुन्हा मिळत नाही.

नसबंदीने जागोजागी लघवी करणे बऱ्याचदा कमी होते, दारावरचे भुंकणे थांबेलच असे नाही. शांत कुत्रा अचानक आक्रमक झाला तर मात्र आधी पशुवैद्यकाला दाखवा. कान किंवा सांधे दुखत असू शकतात.

आणि कुणाला दात लागलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ‘आमच्या कुत्र्याला लस दिली आहे’ म्हणून हळद लावून घरी बसू नये.